खोलीचा वर्ग आणि विम्याचा हिशेब : रुग्णालयातील खोली निवडताना नेमके काय ठरते?

एकाच रुग्णालयात, एकाच शल्यविशारदाने, एकाच शस्त्रक्रियागृहात केलेल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे बिल दोन रुग्णांना वेगवेगळे येऊ शकते, आणि त्याचे कारण कित्येकदा एवढेच असते की एक रुग्ण जनरल वॉर्डात होता आणि दुसरा स्वतंत्र खोलीत. शल्यविशारदाचे कौशल्य तेच, भूल देणारा डॉक्टर तोच. तरीही दुसऱ्या रुग्णाच्या बिलात शल्यविशारदाचे शुल्क, भूलतज्ज्ञाचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क आणि डॉक्टरांच्या रोजच्या भेटीचे शुल्क असे सगळेच चढे असते. आपल्याकडच्या बहुसंख्य मोठ्या खासगी रुग्णालयांचे दरपत्रक खोलीच्या वर्गानुसार रकाने पाडून तयार केलेले असते: जनरल वॉर्ड, सेमी-प्रायव्हेट म्हणजे दोघांची खोली, प्रायव्हेट, डिलक्स आणि स्वीट. रुग्ण ज्या वर्गात दाखल होतो, त्या रकान्याचे दर उपचाराच्या बहुतेक बाबींना लागतात.

या पद्धतीमागे रुग्णालयांचा एक विचार आहे आणि तो सर्वस्वी गैर आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला परवडते त्याच्याकडून अधिक घ्यावे आणि त्या बळावर जनरल वॉर्डाचे दर आवाक्यात ठेवावेत, असा तो विचार. अडचण अशी की दाखल होताना हे कोणी समजावून सांगत नाही. प्रवेशाच्या काउंटरवर केवळ खोलीचे दिवसाचे भाडे सांगितले जाते, आणि नातेवाईक मनातल्या मनात दोन भाड्यांमधला फरक गुणिले दिवस एवढाच हिशेब करतात. आरोग्यविमा असलेल्या कुटुंबाची फसगत तर याहून मोठी होते, कारण त्यांच्या बाबतीत खोलीचा वर्ग दोन वेगवेगळ्या ठिकाणी परिणाम करतो. रुग्णालयाचे बिल तो वाढवतोच, शिवाय विमा कंपनी देणार असलेली रक्कमही तो कमी करतो.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा साधारणपणे तीन प्रकारे लिहिलेली असते. जुन्या पॉलिसींत ती विमा रकमेच्या टक्केवारीत असते: साध्या खोलीसाठी दिवसाला १ टक्का आणि अतिदक्षता विभागासाठी २ टक्के ही फार वर्षे रूढ असलेली पद्धत आहे. तीन लाखांची पॉलिसी असेल, तर खोलीसाठी दिवसाला ३,००० रुपये. दुसऱ्या प्रकारात ठरावीक रुपयांची मर्यादा असते. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात ती वारंवार दिसते. ‘आरोग्य संजीवनी’ ही १ एप्रिल २०२० पासून सर्व सामान्य व आरोग्यविमा कंपन्यांकडे सारख्याच अटींनी मिळणारी पॉलिसी या दोन्हींचा मेळ घालते: खोलीसाठी विमा रकमेच्या २ टक्के, परंतु दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ५ टक्के, परंतु जास्तीत जास्त १०,००० रुपये. तिसऱ्या प्रकारात रुपयांचा उल्लेखच नसतो, फक्त वर्ग दिलेला असतो, उदाहरणार्थ ‘सिंगल प्रायव्हेट एसी रूम’ किंवा ‘दोघांची खोली’. याखेरीज ज्यांत कोणतीही मर्यादा नाही अशाही पॉलिसी आता बाजारात पुष्कळ आहेत, मात्र त्यांचा हप्ता त्या मानाने अधिक असतो.

मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर काय होते, हा या विषयाचा गाभा आहे. बहुतेकांची समजूत अशी असते की मर्यादेवरचे भाडे आपण भरायचे आणि बाकीचे कंपनीने. प्रत्यक्षात पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचे कलम असेल, तर कंपनी पात्र भाडे, म्हणजे मर्यादेत बसणारे भाडे, आणि प्रत्यक्ष भाडे यांचे गुणोत्तर काढते आणि तेच गुणोत्तर उपचाराच्या इतर अनेक बाबींना लावते. पात्र भाडे प्रत्यक्ष भाड्याच्या निम्मे असेल, तर शल्यविशारदाच्या शुल्काचेही निम्मेच पैसे मंजूर होतात.

आकडे मांडून पाहिल्याशिवाय याची तीव्रता लक्षात येत नाही. समजा, एका गृहस्थांची विमा रक्कम ४ लाख रुपये आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये आहे. गुडघ्याच्या सांधेरोपणासाठी ते पाच दिवस दाखल होतात आणि ८,००० रुपयांची खोली घेतात. खोलीचे ४०,००० रुपये होतात. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून १,४०,००० रुपये. औषधे व वापराच्या वस्तू, कृत्रिम सांधा आणि तपासण्या मिळून १,२०,००० रुपये. एकूण बिल ३ लाख. हे बिल विमा रकमेच्या आत आहे, म्हणून कुटुंब निश्चिंत असते. आता कपात पाहा. खोलीचे ४०,००० ऐवजी २०,००० मंजूर होतात. १,४०,००० रुपयांच्या शुल्कांना निम्म्याचे गुणोत्तर लागून ७०,००० मंजूर होतात. औषधे, सांधा आणि तपासण्या यांना ही कपात लागत नाही, त्यामुळे ते १,२०,००० रुपये, त्यांत पॉलिसीबाहेरच्या काही वस्तू नसतील तर, पूर्ण मिळतात. कंपनीने दिले २,१०,००० आणि कुटुंबाने खिशातून भरले ९०,०००. भाड्यातला फरक २०,००० रुपयांचा होता. भुर्दंड त्याच्या साडेचारपट झाला.

याच गृहस्थांनी ४,००० रुपयांची खोली घेतली असती तर? त्या वर्गात खोलीचे २०,००० झाले असते. शल्यविशारद वगैरेंचे शुल्क त्या रकान्यानुसार १ लाख होते असे धरू. औषधे, सांधा आणि तपासण्या तेवढ्याच, १,२०,०००. एकूण बिल २,४०,००० रुपये, आणि ते सगळे मंजूर होण्याजोगे. या दोन परिस्थिती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते, जिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते: स्वस्त खोली घेतली असती तर विमा कंपनीला २,४०,००० द्यावे लागले असते, आणि महाग खोली घेतल्यामुळे तिला २,१०,०००च द्यावे लागले. रुग्णाने वाढीव खर्चाचा भार तर उचललाच, शिवाय जे ३०,००० रुपये त्याला साध्या खोलीत हक्काने मिळाले असते, तेही गमावले.

असे होते, कारण प्रमाणशीर कपातीत एक गृहीतक दडलेले आहे. खोलीचे भाडे दुप्पट झाले की उपचाराची शुल्केही दुप्पट होतात, हे ते गृहीतक. प्रत्यक्षात शुल्के वाढतात, पण भाड्याच्या प्रमाणात वाढत नाहीत. याचा उत्तम पडताळा केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे सीजीएचएसच्या, दरांत मिळतो. एप्रिल २०२३ मध्ये त्या योजनेने खोलीचे दिवसाचे दर जनरल वॉर्डासाठी १,५००, सेमी-प्रायव्हेटसाठी ३,००० आणि प्रायव्हेटसाठी ४,५०० रुपये असे ठरवले. त्या वेळच्या नियमानुसार उपचारांचे दर मात्र सेमी-प्रायव्हेटच्या तुलनेत जनरल वॉर्डात १० टक्क्यांनी कमी आणि प्रायव्हेटमध्ये १५ टक्क्यांनी अधिक एवढेच होते. म्हणजे जनरल वॉर्डातून प्रायव्हेट खोलीत गेल्यावर भाडे तिप्पट होत होते आणि उपचार सुमारे २८ टक्क्यांनी महाग होत होते. ऑक्टोबर २०२५च्या सुधारणेत तर हा फरक दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांवर आला. खासगी रुग्णालयांच्या खुल्या दरांत तफावत याहून मोठी असते, हे खरे. तरीही भाडे तिप्पट म्हणून शुल्काचा एक तृतीयांशच भाग द्यायचा, ही पद्धत वाढीव खर्च वसूल करण्याच्या पलीकडे जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीने आपली जबाबदारी पात्र वर्गाच्या दरांपुरती मर्यादित ठेवावी, हे न्याय्य आहे. त्याहून कमी देण्याला तसा आधार दिसत नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२० मध्ये या कलमाला काही लगाम घातले आणि ते प्रत्येक पॉलिसीधारकाने जाणून घ्यावेत असे आहेत. पहिला लगाम असा की औषधे व वापराच्या वस्तू, शरीरात बसवण्याची उपकरणे आणि रोगनिदानाच्या तपासण्या यांना प्रमाणशीर कपात लावता येत नाही. यामागचे कारण उघड आहे: कृत्रिम गुडघ्याची किंवा हृदयातल्या स्टेंटची किंमत रुग्ण कोणत्या खोलीत झोपला आहे यावर ठरत नाही, आणि या दोन्हींच्या कमाल किमती तर २०१७ पासून सरकारने बांधून दिलेल्या आहेत. दुसरा लगाम असा की अतिदक्षता विभागाच्या शुल्काला ही कपात लावायची नाही; तिथे फक्त त्या विभागाची स्वतंत्र मर्यादा लागू होते. तिसरा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे: ज्या रुग्णालयात खोलीच्या वर्गानुसार शुल्के बदलतच नाहीत, तिथे कपात करता येत नाही, आणि जिथे काही शुल्के बदलतात व काही बदलत नाहीत, तिथे न बदलणाऱ्या शुल्कांना ती लावता येत नाही. तालुक्याच्या गावांतील छोट्या नर्सिंग होममध्ये शल्यविशारदाचे शुल्क बऱ्याचदा एकच असते, मग रुग्ण कोणत्याही खोलीत असो. अशा ठिकाणच्या क्लेममध्ये सरसकट कपात झाली असेल, तर ती आव्हान देण्याजोगी असते.

मर्यादेच्या आत राहण्याचा निर्धार केला, तरी काही ठिकाणी पाय घसरतो. पॉलिसीतील ‘खोलीभाडे’ आणि रुग्णालयाच्या फलकावरचे ‘खोलीभाडे’ या बहुधा वेगळ्या रकमा असतात. अनेक पॉलिसींत मर्यादा खोली, भोजन आणि शुश्रूषा यांना मिळून एकत्र असते. आरोग्य संजीवनीतही ती तशीच आहे. रुग्णालय मात्र खोलीचे ४,०००, नर्सिंगचे ७०० आणि निवासी डॉक्टरांचे ५०० अशी तीन शुल्के स्वतंत्र दाखवते. काउंटरवर ४,००० ऐकून निर्धास्त झालेल्या कुटुंबाची बेरीज ५,२०० वर जाते आणि मर्यादा ओलांडली गेली हे त्यांच्या गावीही नसते. म्हणून विचारताना ‘खोलीचे भाडे किती’ असे न विचारता ‘खोली, जेवण, नर्सिंग आणि निवासी डॉक्टर मिळून दिवसाचे एकूण किती’ असे विचारावे. याच संदर्भात आयआरडीएआयची एक यादी आहे, जिच्यात खोलीभाड्यातच समाविष्ट मानायच्या बाबी दिल्या आहेत: एसीचे शुल्क, स्वच्छतेचे शुल्क, धुतलेली चादर, मनगटावरचा ओळखपट्टा, फाइल उघडण्याचे व कागदपत्रांचे शुल्क वगैरे. या बाबी बिलात वेगळ्या लावल्या तर कंपनी त्यांचे वेगळे पैसे देत नाही, आणि मग ते रुग्णाच्या माथी येतात.

विमा रकमेची टक्केवारी काढतानाही जपावे लागते. क्लेम न केल्याबद्दल दरवर्षी वाढत गेलेला बोनस धरून पॉलिसी सात लाखांची झाली असेल, तरी बहुतेक पॉलिसींत खोलीभाड्याची टक्केवारी मूळ पाच लाखांवरच मोजली जाते. वर्गावर आधारित मर्यादेत वेगळा घोटाळा होतो. पॉलिसीत ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ असे लिहिलेले असते, आणि रुग्णालयात एकाच रुग्णासाठीच्या खोल्यांचे तीन-चार प्रकार असतात, कुठे सोफा, कुठे नातेवाइकासाठी वेगळा पलंग, कुठे मोठी खिडकी. पॉलिसीच्या व्याख्येत अशा वेळी बहुधा त्यांतली सर्वांत साधी व स्वस्त खोली अभिप्रेत असते. डिलक्स खोलीतही एकच रुग्ण असतो, हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

१८ जुलै २०२२ पासून यात कराचीही भर पडली आहे. अतिदक्षता विभाग वगळता ज्या खोलीचे भाडे दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा अधिक आहे, तिच्यावर ५ टक्के जीएसटी लागतो आणि तो पाच हजारांवरच्या रकमेवर नसून पूर्ण भाड्यावर असतो. आपल्या उदाहरणातील ८,००० रुपयांच्या खोलीवर तो रोजचे ४०० रुपये होतो.

शस्त्रक्रिया आधीपासून ठरलेली असेल, तर हे सारे घरी बसून तपासता येते. प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळते. त्यात खोलीभाड्याची मर्यादा असली तर ती दाखवलेली असते आणि हे पत्रक मराठीत मागण्याचा अधिकार पॉलिसीधारकाला आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी जागी लावणे बंधनकारक आहे. कॅशलेसच्या, म्हणजे विमा कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे द्यावेत यासाठीच्या, अर्जात खोलीचा वर्ग आणि दिवसाचे भाडे हे रकाने असतात; ते रुग्णालयाच्या टीपीए विभागाने, म्हणजे विम्याची कागदपत्रे पाहणाऱ्या विभागाने, भरले, तरी सही करण्यापूर्वी आपण वाचावेत. आयआरडीएआयच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो, त्यामुळे मंजुरीपत्र येईपर्यंत पात्र वर्गात थांबणे हे फारसे अवघड राहिलेले नाही.

आणीबाणीत मात्र निवड आपल्या हाती नसते. रात्री दोन वाजता हृदयविकाराच्या रुग्णाला घेऊन पोहोचलेल्या कुटुंबाला ‘सेमी-प्रायव्हेट भरलेली आहे, डिलक्सच मिळेल’ असे सांगितले जाते, तेव्हा नकार देणे शक्यही नसते आणि योग्यही नसते. अशा वेळी दोन गोष्टी कराव्यात. पात्र वर्गातील खोली उपलब्ध नव्हती असे रुग्णालयाकडून तारीख-वेळेसह लेखी घ्यावे, आणि बिल पात्र वर्गाच्या दरानेच आकारावे अशी विनंती अर्जावर नोंदवावी. काही रुग्णालये ती मान्य करतात. आणि मग रोज सकाळी चौकशी करत राहून, खोली रिकामी होताच रुग्णाला हलवावे.

ज्यांच्याकडे सरकारी योजनेचा आधार आहे, त्यांच्यासाठी नियम वेगळा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचे पॅकेज जनरल वॉर्डातील खाट धरूनच ठरलेले असते, त्यामुळे तिथे चढ्या वर्गाची निवड म्हणजे योजनेचा लाभ हातचा घालवणे होय. धर्मादाय रुग्णालयांत मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. पात्र असणाऱ्यांनी याची विचारणा दाखल होतानाच करावी. आधी स्वतंत्र खोलीत राहून नंतर बिलात सवलत मागणाऱ्यांच्या पदरी सहसा निराशा येते.

पॉलिसी बदलण्याचा विचारही योग्य वेळी करावा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आईवडिलांसाठी घेतलेल्या दोन-तीन लाखांच्या पॉलिसीत १ टक्क्याची मर्यादा असेल, तर पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत २,००० ते ३,००० रुपयांत जनरल वॉर्डापलीकडचे काही मिळणे कठीण झाले आहे. काही कंपन्या थोडा अधिक हप्ता घेऊन ही मर्यादा काढून टाकणारी जोडसुविधा देतात. दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायचे असेल, तर नूतनीकरणाच्या पुरेसे आधी अर्ज करावा. पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ, म्हणजे काही आजारांसाठी विमा लागू होण्याआधी थांबावा लागणारा काळ, जुन्या विमा रकमेपुरता पुढे चालतो. वय आणि आजार वाढल्यावर नवी कंपनी नकार देऊ शकते, म्हणून हे काम पालकांची प्रकृती ठीक असतानाच झालेले बरे.

ज्यांच्याकडे दोन पॉलिसी आहेत, उदाहरणार्थ एक नोकरीतली आणि एक स्वतःची, त्यांना एक तरतूद फार उपयोगाची आहे. आयआरडीएआयच्या प्रमाणित कलमानुसार एका पॉलिसीत नामंजूर झालेली रक्कम दुसऱ्या पॉलिसीत मागता येते, पहिलीची विमा रक्कम संपलेली नसली तरी. अर्थात दुसऱ्या पॉलिसीच्या अटीत ती बसली पाहिजे. म्हणून नोकरीतल्या विम्यात खोलीभाड्यामुळे कपात झाली, तर कपातीचे विवरण, अंतिम बिल आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती घेऊन दुसऱ्या कंपनीकडे क्लेम करावा. हा मार्ग ठाऊक नसल्यामुळे कितीतरी लोक हक्काचे पैसे सोडून देतात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

कपात चुकीची वाटली, तर आधी कंपनीकडून तिचे बाबनिहाय विवरण लेखी मागावे: कोणत्या शुल्काला कोणते गुणोत्तर लावले आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली. त्याचबरोबर रुग्णालयाकडून, त्यांच्या दरपत्रकात अमुक शुल्के खोलीनुसार बदलत नाहीत, असे पत्र घ्यावे. या दोन कागदांसह कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लिहावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत तिथे अर्ज करावा लागतो.